टोपलीत ठेवलेला आवाज

काचेच्या पेल्यावर अंगुस्तान वाजलं. टण्. टण्.

दुपार होती. ओट्यावर भांडी पालथी निथळत होती, खिडकीचा पडदासुद्धा हलत नव्हता, आणि तिने चहाचा कप नुकता हातात घेतला होता. दिवसभरात एवढाच काय तो वेळ तिचा स्वतःचा.

"आले हो, आप्पा," ती म्हणाली, आणि निदान एक घोट तरी पोटात जावा म्हणून तिने कप ओठांना लावला.

अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती पितळी टोपी. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, ती जन्मभर घातली. गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढून टाकावी लागली, आणि तेव्हापासून हे अंगुस्तान हाच त्यांचा आवाज. त्याआधीच मशीन गेलं, दुकान गेलं, ते लेकीच्या घरी येऊन राहिले, पण अंगुस्तान बोटातून उतरलं नाही. हळू दोनदा वाजलं तर 'ये सवडीने'. एकदाच वाजलं तर 'काही नाही, आहे मी इथे'.

आता ते पुन्हा वाजलं, आणि वाजतच राहिलं. असं ते आजवर कधी वाजलं नव्हतं. कप तिथेच टेकवून ती धावली.

आप्पा कॉम्प्युटरपुढे बसले होते. मांडीवर टाचणी. टाचणी म्हणजे तिची लेक; जन्मली तेव्हा आप्पांनी हातात घेऊन म्हटलं होतं, "एवढीशीच, पण टोचणार बघ सगळ्यांना," आणि तेच नाव चिकटलं. आज टाचणीला पाच वर्षं पूर्ण झाली होती. सकाळपासून तिने आजोबांचा पिच्छा पुरवला होता, कारण आजोबांनी कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत लिहून कबूल केलं होतं: वाढदिवसाला गोष्टीचा शेवट.

"आई, आजोबा नुसतेच बघत बसलेत," टाचणीने तक्रार केली. "गोष्ट लागतच नाहीये."

आप्पांचं बोट पडद्यावर टेकलेलं होतं. कोपऱ्यातल्या टोपलीच्या चित्रावर, जिच्यात नको असलेल्या गोष्टी टाकतात.

"टोपली का? रिकामी आहे ती, आप्पा. मीच केली. बघा ना, कसा छान पळतोय आता कॉम्प्युटर."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग कळफलक पुढे ओढला आणि एकेक अक्षर शोधत, एका बोटाने लिहिलं.

'यात माझे बोलणे होते.'

तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

*

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आजोबा, जे बोलायचंय ते बोलून घ्या." आप्पा हसले होते. म्हणाले, "गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तर घसा गेला. आता कुणाशी बोलू?" पण घरी आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"पोरी, तुमचं ते यंत्र आवाज ठेवून घेतं म्हणे?"

"घेतं ना. आतच सोय असते त्याची."

"मला दाखव."

कॉम्प्युटरवर पत्ते खेळून खेळून आप्पांना माउस चांगला सरावाचा झाला होता. पान उचलायचं, ओढत न्यायचं, दुसऱ्या पानावर ठेवायचं. कापडाची घडी सरकवावी तसा त्यांचा हात अलगद चालायचा. तिने आवाज ठेवून घेण्याची खिडकी उघडली आणि घाईघाईत लाल बटण दाखवलं. इकडे गॅसवर दूध, तिकडे टाचणीचं रडणं. नुसती धांदल. ती निघाली तेव्हा आप्पांनी मागून विचारलं होतं, "आणि झालं की ठेवायचं कुठे गं?"

"कुठेही ठेवा, आप्पा! मी मग बघते."

मग कसलं मग आणि कसलं बघणं. त्यानंतर रोज दुपारी आप्पांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून बारीक पुटपुट यायची. ते टाचणीसाठी गोष्ट ठेवून देत होते, हे तिला ठाऊक होतं. एका बिनभोकाच्या बटणाची गोष्ट. त्या बटणाला भोकंच नव्हती, म्हणून ते कुठल्याच सदऱ्याला लागेना. बाकीची बटणं कपड्यांवर बसून जग बघायला निघून गेली, आणि हे बिचारं डबीत एकटं. एक दिवस ते डबीतून निसटलं, गडगडत दुकानाबाहेर पडलं आणि एका उंच इमारतीच्या जिन्यावरून टणाटण उड्या मारत खाली येऊ लागलं. टाचणीला आप्पांनी तोंडी एवढंच सांगितलं होतं. पुढचं उद्या, असं म्हणाले, आणि मग दवाखाना.

तिथे खाटेवर पडलेल्या आप्पांना तिने विचारलंही होतं, "गोष्ट पुरी ठेवलीत ना, आप्पा?" त्यांनी मान डोलावली, ओठांवर बोट ठेवलं. गुपित आहे, सांगायचं नाही. तिलाही गंमत वाटली. कुठे ठेवलीत, एवढं मात्र तिने विचारलं नाही.

आता, वर्ष उलटून गेल्यावर, रिकाम्या टोपलीपुढे उभं राहून तिला लख्ख कळलं की त्यांनी ती टोपलीतच का ठेवली असेल. आणि हे जगात दुसऱ्या कुणाला नाही, तरी तिला कळायला हवं होतं.

आप्पांच्या दुकानात दाराशी एक पोतं असायचं. चिंध्या, दोरे, खडूचे तुकडे, फेकायचं ते सगळं त्यात. आणि मशीनच्या खाली, आप्पांच्या पायाशी, एक वेताची टोपली. तिच्यात पडायचं ते उरलेलं चांगलं कापड: रेशमाची पट्टी, मखमलीचा कोपरा, बाही कापून उरलेली फुलं. तिच्या बाहुल्यांचे सगळे झगे त्या टोपलीतून निघाले होते. आई झाडायला आली की आप्पा मान वर न करता म्हणायचे, "पोतं उचल. टोपलीला हात लावू नकोस, माझा सगळा जीव आहे त्यात." आणि आई म्हणायची, "मग त्या टोपलीशीच लग्न करायचं होतं!"

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या त्या सगळ्या चौकटी, गोल आणि बाण यांतलं आप्पांच्या ओळखीचं असं एकच चित्र होतं. त्याखालची बारीक अक्षरं त्यांना लागत नव्हती, टोपली लागली. ठेवायची वस्तू आणखी कुठे ठेवणार माणूस? रोज एक तुकडा बोलायचा, पान उचलावं तसा उचलायचा आणि टोपलीत नीट ठेवून द्यायचा.

*

आणि तिने काय केलं?

दीड-दोन महिन्यांपूर्वी नवरा म्हणाला होता, "अगं, या कॉम्प्युटरचा डबा झालाय आता. नवा घेऊन टाकू."

"तू डबा उघडून कधी बघितलंयस, आत काय काय आहे ते?"

"तू बघितलंयस?"

"बघते की."

आहे त्यातच भागवायचं, हे तिच्या रक्तातच होतं. उरलेल्या कापडातून झगा काढणाऱ्याची मुलगी ती. सकाळी ती डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला जायची, आणि दुपारी टाचणी झोपली की कॉम्प्युटरचा एकेक कप्पा उघडून बघायची. आत खजिनाच निघाला. दिवस कलला की पडदा आपोआप पिवळसर करणारी सोय निघाली, डोळ्यांना गार वाटायचं. अक्षरं हवी तेवढी मोठी करणारं भिंग निघालं. ते तिने आप्पांसाठी लावून दिलं, आणि तेव्हापासून आप्पा लिहून बोलायला लागले. पडद्यावरचा हवा तेवढाच तुकडा कापून घेणारी कात्री निघाली. ती बघून तर आप्पा इतके खूश झाले की खांदे गदागदा हलवत बिनआवाजाचे हसले, आणि त्यांनी टाचणीच्या फोटोची गळ्यापासून व्यवस्थित कापणी केली.

"मलासुद्धा तू एवढं कामाला लावलं नसशील," नवरा म्हणाला.

"तुझ्यात एवढ्या सोयीच नाहीत."

मग एका दुपारी तिला साफसफाई सापडली. नको असलेलं आपोआप काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. हो. टोपलीत महिन्याहून जास्त पडून असलेलंही? अर्थात. तिने चौकटीत खूण केली, आणि वर 'आत्ताच साफ करा' हेही दाबलं. काय काय जाणार आहे त्याची यादी एका बाजूला दिसत होती. ती कोण वाचत बसतं? हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. कोंदटलेल्या खोलीची खिडकी उघडावी तसं तिला वाटलं.

पाठीमागे पलंगावर आप्पा टाचणीच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवत बसले होते. ती वळून म्हणाली, "आप्पा, सगळं घर झाडून काढलं बघा!"

आणि आप्पांनी अंगुस्तान घातलेलं बोट वर करून 'शाब्बास' केलं होतं.

ते बोट तिला आता विसरता येईना.

*

नवऱ्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो भला माणूस होता. कामाच्या गडबडीतही त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, टोपली रिकामी केली म्हणून लगेच सगळं जात नाही. जागा मोकळी होते, पण जुनं तिथेच असतं. त्यावर नवं काही बसेपर्यंत. नंतर तुम्ही काही मोठं टाकलं का त्यात?"

तिने टाकलं होतं. जागा झाली म्हणून त्याच आनंदात तिने फोनमधले टाचणीचे सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये भरले होते. पहिलं पाऊल, पहिला दात, बादलीत बसलेली, आजोबांच्या चष्म्यातली. शेकड्यांनी. आणि व्हिडिओ.

"मग अवघड आहे," तो म्हणाला. "मागची प्रत आपोआप ठेवायची सोय असते आतच. ती चालू केलेली का?"

ती सोयही तिने पाहिली होती. वाचली होती. निवांतपणी करू म्हणून पुढे गेली होती.

"नाही," ती म्हणाली.

तरी तो येऊन बघून गेला. बराच वेळ खटपट करून त्याने काय काय बाहेर काढलं, पण त्यातून नुसती खरखर वाजली. लेकीच्या हसऱ्या फोटोंनी तिच्या आजोबांच्या आवाजाची जागा घेतली होती, आणि त्यात फोटोंचा काय दोष?

ती आप्पांच्या खोलीत गेली. ते खिडकीशी बसले होते. ती त्यांच्या पायाशी खाली बसली, लहानपणी मशीनखाली टोपलीशेजारी बसायची तशी.

"आप्पा, रागवा ना माझ्यावर. एकदा तरी रागवा."

आप्पांनी दोन बोटांची कात्री केली, हवेत कचकन चालवली, आणि तळहात पसरून दाखवला. कापड कापलं गेलं, आता काय. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांतून अंगुस्तान गार लागलं. तरी ती उठेना, तेव्हा ते कॉम्प्युटरपाशी गेले आणि त्यांनी लिहिलं:

'चूक माझी. मी विचारायला हवे होते.'

ते वाचून मात्र तिला हुंदका आवरला नाही. विचारलं होतं त्यांनी. ठेवायचं कुठे गं, एवढंच तर विचारलं होतं. एका वाक्याचं उत्तर होतं. दूध काय, उतू गेलं असतं तर गेलं असतं. दूध रोजच येतं.

*

दुसऱ्या दिवशी तिने उपाय काढला. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारी सोयही आतच होती. आप्पांनी गोष्ट लिहायची आणि कॉम्प्युटरने टाचणीला वाचून दाखवायची. आप्पांनी तिचा चेहरा पाहिला आणि नाही म्हटलं नाही. कळफलक ओढून त्यांनी लिहिलं. तिने बटण दाबलं.

"हं तर बटण शेवटच्या पायरीवर थांबले," एक बाई म्हणाली. "तेथे फार अंधार होता."

टाचणीने कपाळाला आठ्या घातल्या. "ही कोण?"

"अगं, ही आजोबांची गोष्ट वाचतेय."

"हिला सांग ना, अंधार आहे तिथे. बटण घाबरलंय. हिला कळतच नाहीये!"

"तसं नाही गं, सोने. ती वाचते, एवढंच."

"आजोबा अंधार म्हणायचे तेव्हा हळूच म्हणायचे. असं," टाचणी म्हणाली. तिने तोंड उघडलं, आजोबांचा आवाज शोधला, आणि तो काही तिला सापडला नाही. ती गोंधळून आजोबांकडे बघत राहिली. "कसं म्हणायचे, आजोबा?"

आप्पांनी पुढे लिहायला उचललेलं बोट खाली ठेवलं. थोड्या वेळाने पेल्यावर अंगुस्तान एकदाच वाजलं. काही नाही, आहे मी इथे.

त्या दुपारी टाचणी झोपली, पण तिची आई चहा घेऊन बसली नाही. तिने पुन्हा कॉम्प्युटरचा एकेक कप्पा उघडायला घेतला. आता आपण काय शोधतोय, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी, आवाज ठेवून घेणारी ती खिडकी जिथे आपलं सामान आपणहून ठेवते, त्या खणात तिला एक तुकडा दिसला. नाव न दिलेला. तारीख ऑपरेशनच्या आधीची.

तिने आप्पांना हाक मारली. आवाजाने टाचणीही जागी झाली आणि पांघरूण ओढत येऊन तिच्या मांडीवर चढली.

"सापडली गोष्ट?"

"थांब हं, बघू."

आधी खरखर. खुर्ची ओढल्याचा आवाज. मग कुणीतरी घसा साफ केला, आणि अगदी जवळून, कानाशी बोलावं तसा, आप्पांचा आवाज आला. जाड, थोडा घोगरा, प्रत्येक गोष्टीच्या आधी यायचा तसाच.

"हं, तर..."

टाचणी ताठ बसली.

"थांबा, थांबा, आप्पा, असं लांबून नाही!" हा तिचाच आवाज होता. उंच, घाईचा, जरासा वैतागलेला. "जवळ या. हां. हे लाल दिसतंय ना, ते दाबलं की सुरू. नाही, नाही, आत्ता नका दाबू, आत्ता चालूच आहे. मी दाखवते ना, आधी ऐका तर माझं. बोलून झालं की पुन्हा इथेच दाबायचं. सोप्पं आहे हो, तुम्ही उगाच घाबरता. कळलं? अगं बाई, दूध! द्या, मी बंद करते."

टक्. संपलं.

शिकवताना चाचणी म्हणून ठेवलेला तुकडा होता तो. आप्पांच्या हातून कधी टोपलीत गेला नाही, म्हणून उरला. तिने आप्पांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, आणि त्यांचा हात स्वतःच्या गळ्यापाशी गेला होता.

"परत लाव," टाचणी म्हणाली.

"हं, तर..." आणि पुन्हा ती. थांबा, थांबा, आप्पा. आधी ऐका तर माझं.

"परत."

तिने परत लावलं. आप्पा खाकरले, आप्पा म्हणाले हं, तर; आणि टाचणीने झटकन वळून आपला इवलासा तळवा आईच्या तोंडावर दाबून धरला. खरं तर आई काही बोलतच नव्हती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पण कॉम्प्युटरमधली ती बोलतच राहिली, शेवटपर्यंत, दुधापर्यंत.

टाचणीने हात काढला नाही. आईच्या डोळ्यांत खालून बघत तिने विचारलं,

"आई, तू गप्प बसलीस ना, की मग आजोबा पुढचं सांगतील?"